यंदा फ्रिज मोकळाच

९ डिसेंबर, मंगळवार

फ्रिजचं दार अजून मोकळंच! सकाळपासून चारदा बघून झालं. कोण येऊन लावणार आहे तिथे काही? वेडीच आहे मी.

दर चार वर्षांनी, नाताळच्या आधी, त्या दारावर डुकराच्या मॅग्नेटखाली एक पत्रक यायचं. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षातून ज्याला उभं करायचं, त्या उमेदवाराचं. मर्ल लावायचा. बोलायचा नाही — मर्ल आणि बोलणार! डुकरांचा भाव चढला तरी घरात दोन शब्दांच्या वर बातमी नाही. मी सकाळी दूध घ्यायला फ्रिज उघडायला जायची, पत्रक दिसायचं, मनात म्हणायची, बरं, यंदा हा. झाली आमची चर्चा. जानेवारीत पक्षाची सभा, कॉकस म्हणतात तिला; तेव्हा शाळेच्या जेवणघरात त्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, तेच मत. लग्न झाल्यापासून असंच.

एप्रिलमध्ये मर्ल गेला. मॅग्नेट आहे. खाली काही नाही.

कर्टिसचा फोन — "आई, पिकेट ना?" मग लव्हॉनचा फोन — "आर्डिस, लॉफ्टन ना गं?" पोराला म्हटलं बघू. मैत्रिणीला म्हटलं बघू. किती दिवस पुरणार आहे हे बघू?

११ डिसेंबर, गुरुवार

गव्हर्नर पिकेट आल्या होत्या, कॅफेत. दुसऱ्या राज्याच्या गव्हर्नर, पण इथे सगळ्यांना यावंच लागतं. आयोवात उमेदवाराचा हात हातात घेतल्याशिवाय कोणी काही ठरवत नाही. कॅफेवाल्या बर्निसचं तर दोनदा भेटूनही समाधान होत नाही. म्हणते, "तिसऱ्यांदा भेटलं की माणूस थकलेला असतो, तेव्हा खरं काय ते कळतं."

उंच बाई. रुपेरी केस, कानापर्यंत कापलेले. निळा कोट. दालचिनीचा रोल अख्खा खाल्ला आणि बोटं चाटली. तेवढ्यावरच अर्धं कॅफे त्यांचं झालं.

मी ठरवून गेले होते, वृद्धाश्रमाचं विचारायचंच. आमच्या गावातला बंद केला, म्हणून मर्लला शेवटचे महिने तासभर लांब ठेवावं लागलं. विचारलं. सगळ्यांसमोर! बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ही घरं पुन्हा उघडायला मी लढेन," म्हणाल्या. मग — "तिथे जायला गाडी तुम्ही स्वतः चालवायचात? बर्फातसुद्धा?" हो म्हटलं. तेवढ्यात कोणीतरी त्यांना पुढे नेलं.

छान आहेत. मनापासून बोलतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ठरलं. पिकेट. सुटले बाई एकदाची!

१६ डिसेंबर, मंगळवार

कसली सुटते!

आज लव्हॉनच्या बैठकीच्या खोलीत सेनेटर लॉफ्टन. लव्हॉनने शेजारपाजारच्या खुर्च्या गोळा केल्या होत्या. माझ्याही चार नेल्या, मला न विचारता, नेहमीसारख्या. लिंबाच्या वड्यांची दोन ताटं. दार उघडलं आणि बाई आत आल्या — उंच, रुपेरी केस कानापर्यंत, निळा कोट! मला वाटलं पिकेटच परत आल्या. शेजारी बसलेल्या ओडेगार्डच्या कानात म्हटलं तर तो म्हणतो, "एकाच दुकानातून घेत असतील गं." ओडेगार्ड म्हणजे आमचा जुना पोस्टमन. सगळ्या गावाची पत्रं वाटून झाली, आता पक्षाची सभा चालवतो.

वृद्धाश्रमाचं इथेही विचारलं. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ही घरं पुन्हा उघडली पाहिजेत. मी लढेन." अगदी तेच! मग म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" मर्ल, म्हटलं. "मर्ल," त्या म्हणाल्या, हळू, जपून. डोळे भरून आले माझे. सात-आठ महिन्यांत परक्या माणसाच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

वडीही खाल्ली. बोटं चाटली की नाही ते मात्र बघायचं राहिलं.

घरी येताना पाय लॉफ्टनकडे, डोकं पिकेटकडे. झोपण्यापूर्वी मसाल्यांचा कप्पा रिकामा करून पुन्हा लावला. जायफळाच्या तीन बाटल्या निघाल्या!

१७ डिसेंबर, बुधवार

लव्हॉन बुधवारच्या कॉफीला आली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून बुधवार माझ्याकडे. त्याआधीही असायचीच म्हणा. खुर्च्या परत आणल्या, त्यातली एक तिची निघाली. मी क्रीम घ्यायला तळघरात गेले. वर आले तर ही फ्रिजपाशी उभी, हातात लॉफ्टनबाईंचं पत्रक.

"नको गं," म्हटलं. "ती मर्लची जागा. तिथे तोच लावायचा दर वेळी."

लव्हॉन बघतच राहिली माझ्याकडे. "मर्ल लावायचा?"

"नाहीतर कोण? त्याशिवाय मला कसं कळणार कुठे उभं राहायचं ते?"

पत्रक पर्समध्ये ठेवलं तिने. बसली. अर्धी कॉफी तशीच टाकून उठली, म्हणे ओव्हन चालू राहिलाय. मर्लचं नाव निघालं की तिलाही काहीतरी होतं. आम्ही तिघं नेहमी एकाच कोपऱ्यात असायचो ना.

२१ डिसेंबर, रविवार

टीव्हीवर वादसभा होती. वाद कसला! एक बोलली की दुसरी मान हलवते. "मी माझ्या मैत्रिणीशी सहमत आहे." मग दुसरी बोलली की पहिली, "मीसुद्धा." औषधांचे भाव — दोघींना कमी हवेत. शाळा — दोघींना चांगल्या हव्यात. मका — दोघींचा जीव! मध्ये तो तिसरा उभा, कारखानदार, दात पांढरे शुभ्र. तो मला नको, एवढं एक तरी नक्की आहे. पण त्या दोघींच्या मधोमध तोच तेवढा वेगळा दिसत होता, म्हणून लोक त्याच्याकडे चाललेत. कर्टिस चिडतो यावर. "लॉफ्टनवाल्यांनी हट्ट सोडला तर तो येत नाही," म्हणतो. लव्हॉन हेच पिकेटवाल्यांबद्दल म्हणते.

मी खुर्चीतच झोपले. जाग आली तेव्हा दोघी एकमेकींना मिठी मारत होत्या. बघा! त्यांचं सगळं गोड आहे, आणि इथे माझ्या घरात धुसफूस.

मतपेटी असती तर मी कोणाला कळूही दिलं नसतं. पण आमच्याकडे पेटी नाही, पडदा नाही. गावासमोर उठायचं, चालत जायचं, एका कोपऱ्यात उभं राहायचं. आणि आम्ही तर अशी माणसं की घरात टेबलावर मीठ मागतानासुद्धा आधी विचार करतो, मागावं की नको. कोणी असा नियम केला, देव जाणे.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ बिघडला. मीच बिघडवला.

कर्टिस, सून, मुली, सगळे आले होते. लेफ्से, आमच्या बटाट्याच्या पोळ्या, छान पातळ झाल्या होत्या, लोणी-साखर लावून मुलींनी फस्त केल्या. हॅम कापत होते तेवढ्यात मागून फ्रिजवर टक् आवाज आला. वळून बघते तर कर्टिसने पिकेटबाईंचं पत्रक लावलेलं. डुकराच्या मॅग्नेटखाली!

काय झालं मला कळलं नाही. सुरी तशीच हातात. "काढ ते! ती तुझ्या बाबांची जागा आहे!"

"आई, बाबांनी पिकेटच लावली असती."

"तुला सांगून गेलेत?"

"मला माहिती आहेत बाबा."

"तुझ्याशी कधी काय बोलले रे ते? सांग ना. एक वाक्य सांग."

सून बशा पुसायला लागली, कोरड्याच. पोरगा तसाच कोट घालून बाहेर गेला, गाडी गरम करायला म्हणून, आणि बाहेरच राहिला.

असं बोलायला नको होतं. कारण माझ्याशी तरी काय बोलायचा मर्ल? मला तरी एक वाक्य आठवतं का? पत्रक लावायचा. तेच आमचं बोलणं होतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पत्रक काढून टाकलं. दार पुसलं. मग मॅग्नेट धुतलं.

२९ डिसेंबर, सोमवार

फोन, फोन, फोन! "ताई, तुमचा कल कोणाकडे आहे?" माझा कल झोपेकडे आहे, म्हटलं. पिकेटवाली मुलगी हसली. लॉफ्टनवालीही हसली. इथेही फरक नाही!

२ जानेवारी, शुक्रवार

आज तळघरातला मोठा फ्रीझर रिकामा करून धुतला. मर्लच्या हातची शेवटची पुडकी निघाली, त्याच्या अक्षरात — "मका", "चॉप". तारीखही नाही. ती परत आत ठेवली.

पहिली कॉकसची सभा आठवत होते. कर्टिस पोटात होता की तान्हा? तान्हाच, माझ्या आईकडे ठेवला होता. शाळेच्या जेवणघरात राजम्याच्या चिलीचा वास भिंतीतच मुरलेला. मी आत गेले, पत्रकावरच्या माणसाचा फलक शोधला, तिथे जाऊन उभी राहिले. मर्ल मागे, कोटांच्या खुंट्यांपाशी. त्याला कोट काढून अडकवायला इतका वेळ लागायचा! आधी टोपी, मग मफलर, मग हातमोजे खिशात, मग कोट, मग पुन्हा कोट नीट. कोणाशी तरी हवेबद्दल दोन शब्द. मला वाटायचं, हा माणूस येतोय की घरी जातोय? मग यायचा, माझ्या शेजारी उभा राहायचा, इतका जवळ की बाह्या लागायच्या. चर्चमध्येसुद्धा आम्ही मध्ये भजनाचं पुस्तक ठेवून बसायचो. गावासमोर तो माझ्या इतका जवळ उभा राहायचा ते चार वर्षांतून एकदाच. मला त्या दिवसाची वाट असायची. उमेदवाराची कसली असणार! अर्धे तर हरले.

म्हणूनच हे जमत नाहीये मला. कोणाच्याही कोपऱ्यात गेले तरी शेजारची जागा रिकामीच. आणि चुकीच्या कोपऱ्यात गेले तर ती रिकामी जागासुद्धा त्याची नाही.

७ जानेवारी, बुधवार

लव्हॉन आली. मागचे दोन बुधवार चुकवले होते तिने — एकदा सर्दी, एकदा बर्फ. ही बाई न्यूमोनियात बटाटे खोदायला गेली होती, तिला सर्दी!

लॉफ्टनचा कोपरा आमच्या गावात कच्चा आहे म्हणाली. नियम असा की कोपऱ्यात पुरेशी डोकी नसली तर कोपरा मोडतो. मग त्या लोकांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी. "एखादंच माणूस कमी पडेल, बघ," म्हणाली. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आर्डिस, तू ये. नाही म्हणाली! उलट, "मी तुला काही सांगणार नाही. तुझं तू बघ."

लव्हॉन! जिने मला कुठल्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं, पडदे कुठले घ्यायचे, कर्टिसला कांजिण्यात काय लावायचं, सगळं सांगितलं! तिला म्हटलं, "बरं नाहीये का तुला?" तर म्हणाली, "कॉफी दे."

डोकं फिरतं. सांगतात तेव्हा राग येतो. सांगत नाहीत तेव्हा जास्त येतो.

१२ जानेवारी, सोमवार

रात्रभर बर्फ. सकाळी बाहेर आवाज — कर्टिस यंत्राने दारातला बर्फ उडवत होता. नाताळनंतर फोन नाही, घरात पाऊल नाही, पण बर्फ पडला की पहाटे हजर. मर्लचाच मुलगा.

दालचिनीचा रोल गरम करून दारात घेऊन गेले. हातमोज्यानेच घेतला.

"आई, मी पिकेटचं विचारायला आलेलो नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"नाही, म्हणजे सांगून ठेवतो."

"खा. गार होतंय."

खाल्ला. मग म्हणाला, "एक वाक्य आठवलं. बाबांचं. मी बारावीत गाडी ठोकली होती ना, तेव्हा म्हणाले होते, 'आईला मी सांगतो.'" आणि यंत्र सुरू केलं. त्या आवाजात मी काही बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं. मर्लने मला ते कधीच सांगितलं नव्हतं! मी आजवर समजत होते, हरीण आडवं आलं.

१५ जानेवारी, गुरुवार

जाणारच नाही. संपलं. इतक्या थंडीत म्हातारी बाई घरी राहिली तर कोण काय म्हणेल?

१६ जानेवारी, शुक्रवार

सगळे म्हणतील.

१८ जानेवारी, रविवार

चर्चमधून आल्यावर दोघींची पत्रकं घेतली. एक डुकराखाली लावलं, एक कणसाच्या मॅग्नेटखाली. लांब उभी राहून बघितलं. जागा बदलल्या. पुन्हा बघितलं. दोघी माझ्याकडे बघून सारख्याच हसतात. एकीला चष्मा आहे, एवढंच.

मर्ल, तू कसं ठरवायचास रे? मला एकदा तरी सांगायचंस.

दोन्ही काढली. उद्या सभा.

२० जानेवारी, मंगळवार

काल गेले. सगळं लिहून काढते, नाहीतर घर पुन्हा धुवायला घेईन.

गाडी स्वतः चालवत गेले. कर्टिस न्यायला येतो म्हणाला होता, नको म्हटलं. जेवणघर भरलेलं. मुलांच्या बुटक्या बाकांवर आमची गुडघेदुखी मंडळी. ओडेगार्ड खुर्चीवर चढून नियम वाचत होता, त्याचा एक पाय धरून त्याची बायको उभी. चार कोपरे, चार फलक. कारखानदाराचा खिडक्यांपाशी, पिकेटबाईंचा रंगमंचाखाली, लॉफ्टनबाईंचा दूध वाटायच्या खिडकीपाशी. आणि दारालगत चौथा, "अजून ठरलेलं नाही". तोही रीतसर कोपरा असतो आमच्याकडे.

मी तिथे गेले. आत शिरल्यावर पहिला तोच लागला, खरं कारण एवढंच. तिथे जनावरांचा डॉक्टर आणि एक नुकतंच लग्न झालेली मुलगी, नवरा एकीकडे, सासरा दुसरीकडे. तिघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. आजाऱ्यांच्या रांगेत बसल्यासारखं वाटलं.

मोजणी झाली. खिडक्यांपाशी दाटी. पिकेटवाले पुष्कळ, कर्टिस त्यांच्या पुढे, कागद हातात. दूध-खिडकीपाशी सात माणसं. लागणार होती आठ.

ओडेगार्ड म्हणाला, "लॉफ्टन, एक कमी. अर्धा तास आहे. बोला एकमेकांशी."

बोला म्हणजे काय, लोक तुटून पडले! डॉक्टरला दोघांनी दंडाला धरलं. त्या मुलीचा सासरा तिला कुठल्याशा कराचं समजावत होता. माझ्याकडे मात्र कोणी येईना. सगळ्या जेवणघराला ठाऊक होतं — तो तिचा मुलगा, ती तिची मैत्रीण. सगळे नुसते बघत होते.

लव्हॉन लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन उभी. निळा स्वेटर, मीच विणलेला. माझ्याकडे बघत नव्हती. ताटाकडे बघत होती. कर्टिसने एकदा बघितलं, आणि त्यानेही मान वळवली. दोघांनी मला इतकं मोकळं सोडलं होतं की मला ओरडावंसं वाटलं, या ना कोणीतरी! ओढा!

सवयीने खुंट्यांकडे बघितलं. कोट होते नुसते.

मग विचार केला — खरंच केला, उभ्या उभ्या. आठवं माणूस व्हायचं, लव्हॉनचा कोपरा वाचवायचा, हे सोपं होतं. चांगलंही दिसलं असतं. पण तिथे मी लव्हॉनसाठी गेले असते. आणि लॉफ्टनबाईंनी नाव विचारलं होतं मर्लचं. मर्ल गेला. त्याला आता कोणाचा कोपरा नको. पिकेटबाईंनी विचारलं होतं, गाडी तुम्ही चालवायचात का, बर्फातसुद्धा. चालवायची. सबंध हिवाळा, एकटी, काच खरवडून, चाकांखाली वाळू टाकून. मुलाने विचारलं नाही, लव्हॉनने विचारलं नाही, मर्लने तर नाहीच. आमच्यात विचारत नाहीत. त्या एका बाईने विचारलं. एवढाच फरक सापडला मला दोघींत. एवढासाच आहे. पण तो माझा मी शोधलेला आहे.

चालत गेले. मधली फरशी इतकी रुंद आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. रंगमंचाखाली.

कर्टिसचा चेहरा उजळला. त्याला तिथेच सांगितलं, "तुझ्यासाठी नाही आले हं."

"बरं," म्हणाला. हुबेहूब मर्लचं बरं.

तिकडे लॉफ्टनचा कोपरा मोडला. माझ्यामुळे. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे वाजवत नाहीत. एकजण टोपी घालून घरी गेला. दोन जण खिडक्यांकडे गेले. लव्हॉन उभीच. मला वाटलं, गेली ही आता कायमची. बुधवार संपले माझे.

तिने ताट उचललं. सगळं जेवणघर ओलांडून सरळ आली, माझ्यासमोर थांबली.

"सरक गं थोडी," म्हणाली. आणि शेजारी उभी राहिली. बाहीला बाही लागली.

मी म्हटलं, "रागावलीस?"

"वडी घे," म्हणाली.

बाकी राज्यात कारखानदारच जिंकला, सकाळी रेडिओवर सांगितलं. दोघीही हरल्या, सारख्याच. मला त्याचं जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणी न सांगता कुठेतरी जाऊन उभी राहिले. मर्ल असता तर वेगळ्या कोपऱ्यात असता का? असेना. लांबून हात केला असता मी.

२१ जानेवारी, बुधवार

लव्हॉन आली. कॉफी निवून गेली तरी पिईना. मग फ्रिजकडे बघत म्हणाली, "ती पत्रकं मी लावायचे, आर्डिस."

दर वेळी! पहिल्यांदा, म्हणे, मी कर्टिसला अंघोळ घालत होते, तिच्या हातात पत्रक होतं, तिने लावलं. मी काढलं नाही, म्हणून तिला वाटलं मला पटलं. पुढच्या वेळी पुन्हा लावलं. इतकी वर्षं ती समजत होती, मला ठाऊक आहे. डिसेंबरात माझ्या तोंडून "मर्ल लावायचा" ऐकलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. कारण मर्ल तिला एकदा म्हणाला होता, "फ्रिजवर आर्डिस लावते. मी काही विचारत नाही. ती कुठे जाते ते बघतो, आणि जातो."

निवलेली कॉफी मोरीत ओतली, तिला दुसरी दिली.

मर्लला कोट अडकवायला इतका वेळ का लागायचा, ते आज कळलं.